पगार दर महिन्याचा, हिशेब वर्षाचा

महिन्याला ९० हजार रुपये पगार असलेला एक विक्री व्यवस्थापक डोळ्यांसमोर आणा. कार्यालय पुण्यात, फिरती सातारा-सांगली-कोल्हापूरची. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत त्याच्या पगारपत्रकात आयकराच्या रकान्यात शून्य असते. नोव्हेंबरमध्ये सहामाहीचे टार्गेट पूर्ण केल्याबद्दल ४ लाखांचा इन्सेंटिव्ह जमा होतो आणि त्याच महिन्यात ७१ हजारांच्या वर आयकर कापला जातो. डिसेंबरमध्ये पगार पुन्हा ९० हजार, तरी कर कापलेला असतोच. सात महिने ज्या पगारावर एक रुपया कर नव्हता, त्याच पगारावर आता साडेपाच हजारांच्या वर कपात! लेखा विभागाने काहीतरी घोळ घातला, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हिशेब अगदी बरोबर असतो.

पगार महिन्याला मिळत असला तरी आयकर महिन्याच्या पगारावर लागत नाही. तो १ एप्रिल ते ३१ मार्च या पूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. महाराष्ट्रात त्याच पगारपत्रकात आणखी एक कपात असते, व्यवसाय कराची. तो कर त्या त्या महिन्याचा पगार पाहतो : ठरावीक मर्यादेच्या वर पगार गेला की २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. आयकराचे तसे नाही. नोव्हेंबरचा आयकर ठरवताना मालकाला मार्चपर्यंतचा अंदाज बांधावा लागतो आणि एप्रिलपासून काय दिले तेही मोजावे लागते.

हा अंदाज कसा बांधायचा, हे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ मध्ये सांगितले होते. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने घेतली आणि कलमांचे क्रमांक बदलले. पगारावरच्या कपातीचे कलम आता ३९२ आहे. पद्धत मात्र तीच राहिली. या लेखातली सगळी आकडेमोड आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी केली आहे आणि पुढे येणारी कलमे व फॉर्म जुन्या कायद्यातले आहेत. पद्धत अशी : मालकाने कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज करायचा, त्यावर एकूण कर काढायचा आणि त्या कराला वर्षाच्या पगाराने भागून सरासरी दर काढायचा. दर महिन्याला पगार देताना त्या दराने कपात करायची. वर्षाच्या मध्येच अंदाज चुकला, तर पुढच्या महिन्यांत कपात वाढवून किंवा कमी करून तो सुधारायची मुभा कायद्यानेच दिली आहे.

आता त्या व्यवस्थापकाचा हिशेब करून पाहू. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी पहिले ४ लाख करमुक्त, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, मग १५, २०, २५ अशा पायऱ्या आणि २४ लाखांच्या पुढे ३० टक्के. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर ६० हजारांपर्यंतचा कर सवलतीने पूर्ण माफ होतो.

एप्रिलमध्ये अंदाज होता १० लाख ८० हजारांचा. वजावट जाऊन १० लाख ५ हजार. त्यावर कर निघतो ४०,५०० रुपये, पण सवलतीत तो पूर्ण माफ. म्हणून सात महिने कपात शून्य. नोव्हेंबरमध्ये ४ लाख आले आणि वर्षाचा अंदाज १४ लाख ८० हजारांवर गेला. करपात्र उत्पन्न १४ लाख ५ हजार, म्हणजे बारा लाखांच्या बाहेर. सवलत गेली. कर ९०,७५० आणि ४ टक्के उपकर धरून ९४,३८० रुपये. वर्षाच्या पगारावर हा सरासरी दर सुमारे ६.३८ टक्के पडतो. एप्रिल ते ऑक्टोबरच्या पगारावर याच दराने जे कापायला हवे होते ते चाळीस हजार, आणि नोव्हेंबरचा पगार व इन्सेंटिव्ह मिळून ४ लाख ९० हजारांवरचे एकतीस हजार. दोन्ही मिळून झाले ७१ हजार ४०० च्या आसपास. उरलेल्या चार महिन्यांत दरमहा ५,७४०. बेरीज पुन्हा ९४,३८०.

हे एकदा कळले की आणखी एक समज दूर होतो. “इन्सेंटिव्हवर जास्त कर लागतो” असे विक्री विभागात सर्रास बोलले जाते. इन्सेंटिव्ह, बोनस, ओव्हरटाइम, रात्रपाळीचा भत्ता, सुट्टीच्या दिवसांचे पैसे : यांतल्या कशालाही वेगळा दर नाही. सगळे पगारातच मोजले जाते. फरक एवढाच की वर्षाच्या बेरजेत वरून भर पडली की ती सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसते.

सगळ्याच कंपन्या नोव्हेंबरमध्ये ७१ हजार कापत नाहीत. काही कंपन्या नव्याने निघालेला कर उरलेल्या महिन्यांत सारखा वाटतात. वरच्या उदाहरणात पाच महिने १८,८७६ रुपये. काही जण इन्सेंटिव्हमुळे वाढलेला सगळा कर इन्सेंटिव्ह देतानाच कापून मोकळे होतात, म्हणजे नोव्हेंबरमध्येच ९४,३८०. तर काही कंपन्या एप्रिलपासूनच गृहीत धरतात की टार्गेट पूर्ण होणार, आणि पहिल्या महिन्यापासून ७,८६५ रुपये कापू लागतात. चारही रस्ते मार्चला एकाच आकड्यावर पोहोचतात. कर किती, हे कायदा ठरवतो. कधी, हे बऱ्याच अंशी कंपनीच्या लेखा विभागाच्या पद्धतीवर ठरते. घराचा हप्ता, मुलांची फी आणि आईवडिलांचे औषधपाणी महिन्याच्या महिन्याला भागवणाऱ्या माणसाला मात्र हे ‘कधी’ फार महत्त्वाचे असते.

चौथ्या पद्धतीत एक धोका आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. टार्गेट हुकले, इन्सेंटिव्ह आलाच नाही, तर या माणसाला वर्षाचा कर शून्य. पण ऑक्टोबरपर्यंत त्याच्या पगारातून ५५ हजार रुपये गेलेले असतात. मालक पुढची कपात थांबवू शकतो. पण सरकारी तिजोरीत भरलेला कर तो पगारातून परत देत नाही. ते पैसे विवरणपत्र भरल्यावर परतावा म्हणून मिळतात, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. विक्री कमी झाली, हातातला पगार कमी झाला, आणि नेमक्या त्याच वर्षी पैसे अडकून राहिले.

बारा लाखांच्या कडेची परिस्थिती आणखी विचित्र आहे. करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख असेल तर कर शून्य. ते १२ लाख ४५ हजार झाले, तर पायऱ्यांप्रमाणे कर निघतो ६६,७५०. इथे कायद्याने एक दिलासा ठेवला आहे : बारा लाखांच्या वर जितके उत्पन्न, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर ४५ हजारांवर थांबतो. पण त्यावर ४ टक्के उपकर लागतोच, आणि भरायची रक्कम होते ४६,८०० रुपये. म्हणजे वर आलेले ४५ हजार सगळे गेलेच, शिवाय पदरचे १,८०० गेले. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हा पट्टा चालतो. ज्यांचा पगार ठरलेला आहे ते या पट्ट्यात आहेत की नाहीत, हे एप्रिलमध्येच कळते. ज्यांची कमाई चढ-उताराची आहे, त्यांना ते फेब्रुवारी-मार्चमध्ये कळते, आणि तोवर करण्यासारखे फार काही उरत नाही.

नोकरी बदलणाऱ्यांची गत याहून अवघड. पहिल्या सहा महिन्यांत एका कंपनीत महिना १ लाख, पुढचे सहा महिने दुसरीकडे १ लाख २० हजार. पहिल्या कंपनीने अंदाज केला १२ लाखांचा. वजावटीनंतर ११ लाख २५ हजार, कर शून्य. दुसरी कंपनी फक्त आपण दिलेले ७ लाख २० हजार पाहते; कर शून्य. वर्षभर एक रुपया कापला जात नाही. पण खरी बेरीज १३ लाख २० हजार, करपात्र १२ लाख ४५ हजार, आणि कर तोच ४६,८००. तो विवरणपत्र भरताना एकरकमी भरावा लागतो. वर व्याजही लागते, कारण वर्षाचा देय कर १० हजारांच्या वर असेल तर तो आगाऊ भरणे अपेक्षित असते, आणि तसे न केल्यास महिन्याला १ टक्का या दराने व्याजाची आकारणी होते. यावर उपाय सोपा होता. नव्या मालकाला जुन्या नोकरीचा पगार आणि कपात फॉर्म १२ बी मध्ये कळवायची सोय आहे. रुजू होताना भरायच्या कागदांच्या गठ्ठ्यात हा फॉर्म बहुतेक वेळा कोरा राहतो.

कमी-जास्त कमाईचा हा प्रश्न जगात सगळीकडे आहे आणि त्याचे सर्वांत देखणे उत्तर ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात शोधले. युद्धाआधी तिथे सुमारे ४० लाख लोक आयकर भरत; युद्धाच्या वर्षांत ही संख्या १ कोटी २० लाखांच्या पुढे गेली. त्यात कारखान्यांतले, खाणींतले, गोदीतले आठवड्याच्या मजुरीवर जगणारे कामगार होते. त्यांचा कर आधीच्या सहामाहीच्या कमाईवर ठरे आणि नंतरच्या मजुरीतून कापला जाई. ओव्हरटाइमच्या दिवसांचा कर काम मंदावलेल्या दिवसांत द्यावा लागे. हे बदलण्यासाठी आयकर खात्यातल्या पॉल चेंबर्स या अधिकाऱ्याने नवी पद्धत आखली. चेंबर्स यांचा भारताशी जवळचा संबंध होता. १९३५-३६ मध्ये भारतातल्या आयकराची चौकशी करणाऱ्या समितीचे ते सदस्य होते आणि १९३७ ते १९४० या काळात ते भारत सरकारचे आयकर सल्लागार होते. आपल्याकडे १९३९ च्या दुरुस्तीने पायऱ्या-पायऱ्यांची करपद्धत आली, ती त्यांच्या कारकिर्दीत. ब्रिटनमध्ये नव्या पद्धतीची घोषणा अर्थमंत्री किंग्जली वुड २१ सप्टेंबर १९४३ रोजी संसदेत करणार होते. त्याच दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले. घोषणा तरीही झाली आणि ६ एप्रिल १९४४ पासून ‘पे ॲज यू अर्न’ सुरू झाले.

या पद्धतीचा गाभा असा : प्रत्येक पगाराच्या वेळी वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण कमाई घ्यायची, तोपर्यंतच्या महिन्यांची करमुक्त रक्कम त्यातून वजा करायची, उरलेल्यावर कर काढायचा आणि आधी कापलेला कर त्यातून काढून टाकायचा. आज तिथे वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त आहेत, म्हणजे महिन्याला साधारण १,०४८. एखाद्याने पहिल्या महिन्यात ३ हजार पौंड कमावले, तर सुमारे ३९० पौंड कर कापला जातो. दुसऱ्या महिन्यात तो नोकरीत आहे, पण कमाई शून्य झाली, तर दोन महिन्यांची करमुक्त रक्कम धरून एकूण कर सुमारे १८१ पौंडच निघतो. मग जास्त कापलेले २०९ पौंड मालक त्याच महिन्यात कर्मचाऱ्याला परत देतो. पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागत नाही. मालकाला भविष्याचा अंदाजही करावा लागत नाही. झालेली कमाई पुरते.

अमेरिकेत याच्या उलट टोक दिसते. तिथे १ जुलै १९४३ पासून पगारातून कर कापला जाऊ लागला. प्रत्येक पगार जणू वर्षभर तेवढाच मिळणार आहे असे धरून त्यावर कपात होते. बोनससारख्या जादा रकमांवर सरळ २२ टक्के कापायची मुभा आहे, आणि अशी रक्कम वर्षात १० लाख डॉलरच्या पुढे गेली तर त्यापुढच्या भागावर ३७ टक्के. कमाई वर-खाली होणाऱ्या मध्यम पगाराच्या कामगाराचे त्यामुळे जास्त कापले जाते आणि विवरणपत्रानंतर परत येते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी सॉफ्टवेअर अभियंत्यांना याची दुसरी बाजू भोगावी लागते : कंपनीचे शेअर पदरात पडताना २२ टक्केच कापले जातात, त्यांचा खरा दर ३२ किंवा ३५ टक्के असतो, आणि फरकाची रक्कम १५ एप्रिलच्या आत स्वतः भरावी लागते.

भारताची पद्धत या दोन्हींच्या मध्ये आहे. अंदाज चुकला तर सुधारता येतो, हे तिचे बळ. पगार घटला तर कापलेले पैसे त्याच वर्षी परत मिळत नाहीत, हे तिचे उणेपण. पॅन, आधार आणि दर तिमाहीला मालकाकडून जाणारी कपातीची माहिती हे सगळे हाताशी असताना, जास्त कापलेला कर मार्चच्या आत पगारातूनच परत करायची सोय आपल्याकडेही व्हायला हवी. ऐंशी वर्षांपूर्वी कागदी तक्त्यांवर जे जमले, ते आज संगणकावर जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही.

थकबाकीच्या बाबतीत मात्र आपल्या कायद्याने जुन्या काळापासून समजूतदारपणा दाखवला आहे. सातवा वेतन आयोग राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. प्रत्यक्ष वाढीव पगार २०१९ मध्ये सुरू झाला आणि मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत देण्याचे ठरले. २०१७ च्या कष्टाचे पैसे नंतरच्या वर्षात हाती आले की त्या वर्षाचे उत्पन्न फुगते आणि कर वरच्या पायरीवर जातो. अशा वेळी कलम ८९ ची सवलत मिळते. थकबाकी ज्या वर्षांची आहे, त्या त्या वर्षांत ती मिळाली असती तर किती कर झाला असता, हे काढायचे आणि जास्तीचा कर माफ करून घ्यायचा. अट एकच : विवरणपत्राच्या आधी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म १० ई भरलेला असला पाहिजे. अनेक शिक्षक आणि निवृत्तिवेतनधारक विवरणपत्रात सवलत दाखवतात, पण हा फॉर्म भरायचा राहतो. मग सवलत नाकारली जाते आणि मागणीची नोटीस येते.

पगाराशिवाय ज्यांची कमाई आहे, त्यांना हा सरासरी दर लागू नाही. वास्तुविशारद, डॉक्टर, सल्लागार यांच्या फीमधून सरसकट १० टक्के कापले जातात. एका ग्राहकाकडून वर्षाला ५० हजारांपर्यंतच्या फीवर कपात नसते. विमा एजंटच्या कमिशनवर २ टक्के. एकट्या कंत्राटदाराच्या बिलावर १ टक्का. माणसाचे वर्षाचे उत्पन्न किती, याची विचारणा कोणी करत नाही. नाशिकमधल्या एका तरुण वास्तुविशारदाला वर्षात ९ लाख फी मिळाली आणि सगळ्या ग्राहकांनी कपात केली, तर ९० हजार गेले. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत तिने निम्मी फी उत्पन्न धरली, तर करपात्र उत्पन्न साडेचार लाख आणि कर शून्य. ९० हजार पूर्ण परत मिळतात, पण काम सुरू करण्याच्या वर्षात ते तिच्याकडे नसतात. कमी किंवा शून्य दराने कपात करण्याचा दाखला आयकर खात्याकडून आधीच मागता येतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

उलट ज्यांची कपात अपुरी पडते, त्यांच्यासाठी आगाऊ कराचे हप्ते आहेत : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. अनुमानित योजनेतल्यांना सगळा कर १५ मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतो, आणि हंगामी कमाई असलेल्यांना ही सवलत फार उपयोगी आहे.

पगारदाराच्या हातातही बरेच काही असते. एप्रिलमध्ये करप्रणाली निवडून कळवली नाही, तर मालक नवीच प्रणाली धरतो. जुनी प्रणाली हवी असेल, तर गुंतवणुकीचे आणि घरभाड्याचे पुरावे वेळेत द्यावे लागतात. ते जानेवारीपर्यंत न पोहोचल्यास तीन महिन्यांत सगळी वसुली होते आणि मार्चचा पगार जवळपास सगळाच कापला जातो. बँकेने मुदत ठेवीच्या व्याजावर कापलेला कर किंवा परदेशी सहलीच्या पॅकेजवर गोळा झालेला कर मालकाला कळवण्यासाठी ऑक्टोबर २०२४ पासून फॉर्म १२ बीएए आला आहे. तो भरला तर पगारातली कपात तेवढी कमी होते. तरीही मोठ्या कंपन्यांतले कर्मचारीसुद्धा तो क्वचितच मागतात.

म्हणून ज्यांची कमाई महिन्यागणिक बदलते, त्यांनी तीन वेळा तरी लेखा विभागाकडून वर्षाच्या कराचा अंदाजपत्रक-तक्ता मागून घ्यावा : एप्रिलमध्ये, मोठी रक्कम मिळेल त्या महिन्यात आणि जानेवारीत. त्या तक्त्यात वर्षाचा अंदाजित पगार, त्यावरचा कर, आजवरची कपात आणि उरलेली कपात हे चार आकडे असतात. अंदाजात न मिळालेला इन्सेंटिव्ह धरला असेल, तर तो काढून टाकायला लेखी सांगावे. जुन्या नोकरीचा पगार राहिला असेल, तर तो जोडायला सांगावे. कापलेली रक्कम फॉर्म २६ एएस मध्ये आपल्या पॅनवर जमा दिसते का, हेही पाहावे. मालकाने एका महिन्यात कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि मार्चचा ३० एप्रिलपर्यंत.